बंद गाळ्याची सूट

२ डिसेंबर, मंगळवार

घरपट्टीचं बिल आलं, हंसाच्या नावावर. ती जाऊन दीड महिना झाला. तिच्या नावाने अजून पत्र पाठवणारं एवढं एकच ठिकाण उरलं आहे, आणि त्यांनाही फक्त मार्चअखेरची आठवण द्यायची असते.

बिल राहत्या घराचं नाही, गाळ्याचं आहे. जूचंद्रच्या रस्त्यावर तिच्या वडिलांच्या जागेत इमारत झाली, तेव्हा तळमजल्याचा एक गाळा तिच्या वाट्याला आला. त्यात कधी दुकान झालं नाही. ती तिथे रांगोळी काढायची. या गावाला रांगोळीचं वेड आहे. माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हे लोक चिमटीने काढतात, आठ दिवस गर्दीला दाखवतात आणि नवव्या दिवशी झाडून टाकतात. मी वाईचा. लग्नानंतर छत्तीस वर्षं मला हे कळलं नाही आणि मी कळून घेतलंही नाही.

गाळा बंद आहे. कर मात्र चालत्या दुकानाच्या दराने.

५ डिसेंबर, शुक्रवार

दीपेश आला होता. हंसाच्या भावाचा, हरेश्वरचा मुलगा. जागा भाड्याने लावून देण्याचा धंदा करतो. त्याच्या अत्तराचा वास तो गेल्यावर तासभर खोलीत राहतो, कामाचं बोलणं मात्र राहत नाही. आज एक गोष्ट कामाची बोलला.

"काका, टेन्शन घेऊ नका. गाळा रिकामा पडून असेल तर घरपट्टीत सूट मिळते. अर्ज टाका. बघायला माणूस येतो. आत काही नसलं, कोणाची ये-जा नसली की झालं काम."

"बरं."

"आणि मार्चनंतर माझ्याकडे पार्टी आहे. जिमवाला. एक नंबर माणूस. आत्याच्या नावाची पाटी पण लावू म्हणतो, आरशाच्या वर."

मी त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. अजून भरलेला होता.

११ डिसेंबर, गुरुवार

अर्ज दिला. खिडकीशी माझ्या पुढे एक गृहस्थ होते. त्यांचंही दुकान बंद होतं, आणि ते का बंद पडलं याची कथा ते सगळ्या रांगेला ऐकवत होते. बायको, भागीदार, ऑनलाइन खरेदी, ग्रहमान. लोकांना दुःख सांगायला रांग लागते.

अर्ज घेणाऱ्या बाईंचं नाव अश्लेषा. तरुण आहेत. कागद नीट वाचतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

"गाळा पूर्ण रिकामा आहे ना, सर?"

"हो."

"सामान वगैरे?"

"काही नाही."

"मग पाहणीला मीच येईन. तोपर्यंत उघडू नका फारसा. आजूबाजूच्यांनाही आम्ही विचारतो."

बाहेर आल्यावर वाटलं, काही नाही म्हणालो ते बरोबरच आहे. रांगोळीला सामान म्हणत नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

कधीतरी नीट लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितो. प्रयोगशाळेतल्या नोकरीत शिकलो ते हेच, नमुना बिघडायच्या आत नोंद करायची.

गाळ्याच्या जमिनीवर तिची शेवटची रांगोळी आहे. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी घेतली होती, अर्धी राहिली. चित्र तिच्या आईचं. सासूबाई मिठागरावरून परत आल्या आहेत, डोक्यावर चुंबळ, चेहऱ्यावर ऊन. चेहरा झाला आहे, लुगड्याच्या निऱ्या झाल्या आहेत, उजवा हात मनगटापर्यंत आला आणि थांबला. सासूबाईंनी मला जन्मभर नावाने हाक मारली नाही. "ते घाटावरचे" म्हणायच्या. जमिनीवरूनही त्या माझ्याकडे तशाच बघतात. चित्रासाठी मी गाळा जपत नाही.

चित्राभोवती करड्या रंगाची जमीन, म्हणजे मोकळी पार्श्वभूमी, भरली आहे. शटरच्या बाजूला, कडेपासून वीतभर आत, तिच्या डाव्या हाताचा ठसा आहे. त्या संध्याकाळी मी तिला न्यायला गेलो होतो. डोकं जड झालंय म्हणाली, हात टेकून उठली, आणि पाच बोटं उमटली. तिने बघितलं. "उद्या सारखं करते," म्हणाली. रात्री दवाखान्यात नेली. उद्या झाला नाही.

मी रोज दुपारी जातो. शटर कमरेएवढं उचलतो, वाकून बघतो, बंद करतो. आत पाऊल टाकत नाही. खिडकी बंद, पंख्याची वायर काढून ठेवली आहे. किल्ल्या दोन, दोन्ही माझ्याकडे. तिसरी होती, ती कुठे आहे कोण जाणे. हंसा किल्ल्या प्रसादासारख्या वाटायची.

हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक मान तिरकी करतात.

२१ डिसेंबर, रविवार

प्रदर्शनाच्या मंडळाचे चौघे आले. दिवाळीत त्यांनी हंसाला श्रद्धांजलीचा बॅनर लावला होता. तिचा फोटो पासपोर्टएवढा, आणि खाली दुःखात सहभागी झालेल्यांचे फोटो तिच्या दुप्पट. त्यातला एक हसत होता, हात जोडून. वाढदिवसाचाच फोटो वापरलेला.

अध्यक्ष म्हणाले, "काका, अर्धी रांगोळी अशी ठेवत नाहीत. आमच्यात तसं नाय. काढणाऱ्यानेच झाडायची असते, ती नाय तर घरच्याने. आम्ही येतो सगळे, नारळ फोडू, व्यवस्थित भरून खाडीत सोडू."

"बघू."

"आता राहिलं तरी काय असेल त्यात? पंधरा दिवसांवर टिकत नाय. मुंग्या खातात, पाली फिरतात. नाक-डोळे गेले असतील."

दुपारी जाऊन बघितलं. नाक जागेवर, डोळे जागेवर, निरीची एक रेघ मोडलेली नाही. दोन महिने झाले. तीस-तीस वर्षं रांगोळी काढतात म्हणे, आणि खोली नीट बंद ठेवली तर ती टिकते एवढं यांना माहीत नाही. कोरडेपणा आणि शिस्त, बाकी काही लागत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

हरेश्वर आला. वालाच्या शेंगांची पिशवी दाराशी ठेवली आणि खुर्चीवर बसला. तो असाच येतो. बसतो, पंख्याकडे बघतो, उठतो. बहीण गेल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी हा कार्यक्रम असतो. शेतीत लक्ष नाही, मुलाच्या धंद्यात डोकं नाही. सकाळी कुठे असतो म्हणून दीपेश परवा विचारत होता. घरी सांगत नाही म्हणे.

"दाजी, जेवता ना?"

"जेवतो."

"शेंगा कोवल्या हायत. भाजून खा."

नखांत निळा रंग भरलेला. कुठल्या मंडळाची कमान रंगवत असणार. साठीला आला तरी कोणी हाक मारली की धावतो. मी म्हटलं, "हात धू, मग दे पिशवी." तो हात बघत बसला. डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही त्याला, लहानपणी पेंढा कापताना गेलं. मग म्हणाला, "निघत नाय लवकर," आणि हात खिशात घातला.

शेंगा शेजाऱ्यांना दिल्या. नंतर वाटलं, चार ठेवायला हव्या होत्या.

१० जानेवारी, शनिवार

ठसा आज जरा रुंद वाटला. भुकटी हळूहळू बसते, कडा पसरतात, हे होणारच. टॉर्च मारून पुन्हा बघितलं. करंगळी आखूड उमटली आहे. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? घाईत उठली, हात तिरका पडला असेल.

तिची करंगळी लांब होती की नाही, हे मला आठवेना. संध्याकाळपर्यंत फोटो शोधले. एकाही फोटोत हात नीट दिसत नाही. प्रत्येक फोटोत हातात काहीतरी आहे: ताट, पिशवी, दुसऱ्याचं मूल.

१९ जानेवारी, सोमवार

पाहणी झाली.

अश्लेषाबाई सांगितल्याप्रमाणे आल्या. शटर मी पूर्ण वर केलं, बऱ्याच दिवसांनी. बाई चपला काढून उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

"सर, हे कोणी काढलंय?"

"माझ्या बायकोने."

"त्या..."

"नाहीत."

फोटो काढायला मोबाइल वर केला आणि खाली घेतला. "मी हे रिकामं म्हणून कसं लिहू? फोटो जोडावा लागतो. वर बघणारे विचारतील, प्रदर्शन आहे का, क्लास आहे का."

"रिकामंच आहे. ती भुकटी आहे. धूळ म्हणून लिहा."

"धुळीला डोळे नसतात, सर."

हे त्या चेष्टेने बोलल्या नाहीत. तेवढ्यात शेजारची मटिल्डा आली. तिचं पलीकडच्या गाळ्यात केक-पावाचं दुकान आहे. या बाईला न विचारता उत्तर द्यायची सवय आहे.

"रिकामं कुठं? रोज पहाटे शटर उघडतंय की! माझा पाव उतरतो तेव्हा. हळूच उघडतंय आणि हळूच बंद. मी म्हटलं, श्रीरंगभाऊंना झोप नाही येत, बिचारे."

"मी दुपारी येतो," मी म्हटलं. "सकाळी कोणी येत नाही."

"मग काय भूत शटर उघडतंय?" आणि बाईंकडे वळून, "मी गावदेवीच्या आणि आमच्या मदर मेरीच्या दोघींच्या शपथेवर सांगते. उघडतंय."

अश्लेषाबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, आठवडाभर हा कागद त्यांच्याकडेच ठेवतील. पुढच्या मंगळवारपर्यंत जमीन साफ आणि ये-जा बंद असेल तर पुन्हा येऊन फोटो काढतील, सूट मिळेल. नसेल तर अर्ज नामंजूर. "माझ्या हातात एवढंच आहे."

थोडक्यात, ज्या रांगोळीसाठी गाळा रिकामा ठेवला ती झाडली, तर गाळा रिकामा धरणार. मग रिकाम्या गाळ्याचं मी काय करू, हा रकाना अर्जात नाही.

मटिल्डाने जाताना केकचा तुकडा हातावर ठेवला. कागदासकट गाळ्याच्या शटरजवळच्या कोनाड्यात ठेवून आलो.

२० जानेवारी, मंगळवार

कोण येतं?

दीपेश असणार. जिमवाल्याला जागा दाखवत असेल, टेप लावून मापं घेत असेल. तिसरी किल्ली त्याच्याकडेच गेली असणार. असल्या माणसाला मेलेल्या आत्याच्या खोलीत चोरासारखं शिरायला काही वाटणार नाही. पाटी लावणार म्हणे. आरशाच्या वर.

फोन करून विचारणार होतो. नको. असल्यांना रंगेहाथ धरलेलं बरं.

२२ जानेवारी, गुरुवार

पहाटे गेलो. थंडी होती. मटिल्डाच्या दुकानासमोर पावाची गाडी उभी. तिने मला बघितलं आणि प्रथमच काही बोलली नाही, फक्त हनुवटीने गाळा दाखवला. शटर वीतभर वर. आत दिवा.

मी ते एका झटक्यात वर ओढलं.

"दाजी, हलू! वारा येतंय!"

हरेश्वर. दोन विटांवर फळी टाकून तो चित्रावर पालथा पडला होता. तोंडाला रुमाल, डोक्याशी बॅटरी, बोटांच्या चिमटीत निळा रंग. चपला आत, शटरच्या मागे दडवून ठेवलेल्या. हंसा या खोलीत देवाचीसुद्धा चप्पल येऊ देत नसे.

"तू?"

"मुंग्या लागल्या व्हत्या. तेराव्यालाच बघितलं मी. आयचं नाक खाल्लं व्हतं अर्धं. मंग काय करू? तसंच ठेवू?"

"रोज?"

"रोज नाय. निऱ्यांना रोज लागतं. त्या सरकतात." फळीवरून तो मागे मागे सरकत आला आणि विटेवर बसला. साठ वर्षांचा माणूस, छातीवर निळा पट्टा. "हंसाबाय नि मी बरोबरच शिकलो, आयच्या हाताखाली. लगीन झाल्यावर मी सोडलं. पोरी हसायच्या, बाप्या मानूस रांगोळी काढतो म्हनून. ती नाय सोडली."

हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी रागावला असता."

बरोबर होतं. मी रागावलेलाच होतो. म्हटलं, कार्यालयातून पाहणीला आले, तुझ्या येण्या-जाण्यामुळे सूट अडकली, मुलगा धंदा करतो आणि बापाला एवढं कळू नये. तो खाली मान घालून ऐकत होता. मग बोलता बोलता माझी नजर खाली गेली. कडेपासून वीतभर आत.

"आणि हा हात?"

"कनचा?"

"हा."

त्याने डावा हात मांडीखाली घेतला.

"हरेश्वर."

"पाल पडली व्हती त्याच्यावर," तो म्हणाला. "डिसेंबर संपता संपता. सगली बोटं पुसली. मना वाटलं सारखं करून टाकू, जमीन हाय ती, तिथं डाग कशाला. चाळनी पन घेतली हातात. मंग आठवलं, पाव घ्यायला गेलो तवा मटिल्डा बोलली व्हती, श्रीरंगभाऊ रोज येतात ते चित्र नाय बघत, वाकून तिथंच बघत राहतात." मांडीखालचा हात बाहेर काढला. "माझा पंजा तिच्याएवढाच हाय. आय बोलायची, दोघांचे हात एका साच्यातले. करंगळीचं मी बोटानी लांबवून बघितलं. नाय जमलं. ते लबाड दिसत व्हतं."

मी त्याला मूर्ख म्हणालो. आणखीही काही म्हणालो असेन. मटिल्डा पावाची पाटी घेऊन रस्त्यात उभी होती. शटर तसंच उघडं टाकून मी घरी आलो.

२३ जानेवारी, शुक्रवार

गेलो नाही.

२४ जानेवारी, शनिवार

दीपेश आला. बापाने त्याला सगळं सांगितलं म्हणे. "काका, सिम्पल आहे. मंगळवारच्या आत झाडून घेऊ, मंडळाला बोलावू, नारळ फोडू. सूट तरी पदरात पडेल. तसंही ते आता आत्याचं कुठं राहिलंय? अर्धं पप्पांनीच काढलंय." अत्तर तेच.

त्याचं बोलणं चूक नव्हतं, म्हणूनच जास्त चीड आली. निऱ्या हरेश्वरच्या, नाक हरेश्वरचं, हातही हरेश्वरचा. ठसा माझ्या बायकोचा आहे म्हणून तीन आठवडे मी मेव्हण्याच्या पंजाकडे बघत बसलो. प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने असा नमुना तपासला असता तर मी त्याला कामावरून काढलं असतं.

"विचार करून सांगतो," म्हटलं. त्याने जाताना पाया पडायचं सोंग केलं. सोंग होतं की नाही, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी गेलो. शटर बंद होतं, कुलूप व्यवस्थित. हरेश्वर दोन दिवस आला नसावा. निऱ्यांत एक मुंग्यांची ओळ शिरली आहे आणि लुगड्याच्या काठाला फूट पडली आहे. दोन दिवसांत एवढं. कोरडेपणा आणि शिस्त, असं मी लिहिलं होतं. मागे जाऊन वाचलं. छान लिहिलं होतं.

वाकून ठसा बघितला. तिचा नाही हे माहीत असून बघितला. बराच वेळ बघितला. आखूड करंगळीचा, रुंद, मुद्दाम टेकलेला हात. हंसाचा उठता उठता पडला होता, हरेश्वरने विचार करून टेकला.

सासूबाई बघत होत्या. ते घाटावरचे.

कोनाड्यात केक तसाच होता. मुंग्यांना तो सोडून रांगोळी आवडते. खाल्ला. कडक झाला होता.

२७ जानेवारी, मंगळवार

आधी बँकेत गेलो. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेव होती, ती मोडली. बँकेतला मुलगा म्हणाला, "काका, व्याजाचं नुकसान होईल." तरुण मुलांना नुकसान ताबडतोब दिसतं.

मग कार्यालयात. अश्लेषाबाईंनी मला बघून कागद बाहेर काढला.

"झाली का जागा मोकळी, सर? मी दुपारी येऊ शकते."

"अर्ज मागे घेतो."

"का?"

"गाळा वापरात आहे."

"कोण वापरतं?"

"घरचा माणूस."

"कशासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर मी बसमध्ये तयार केलं होतं, ते ऐनवेळी आठवलं नाही. म्हटलं, "सकाळी येतो. दोन तास असतो." त्यांनी पुढे विचारलं नाही. सूट नाकारल्याची नोंद राहू नये म्हणून 'अर्जदाराने स्वतः मागे घेतला' असं लिहिलं आणि मला सहीची जागा दाखवली. पूर्ण कर भरून पावती घेतली. ती हंसाच्या नावावर आहे.

येताना हरेश्वरच्या घरी गेलो. लग्नकार्य सोडून त्या घरी मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तो ओट्यावर बसला होता. मला बघून उभा राहिला, हात मागे घेतले.

"निऱ्यांत मुंग्या शिरल्यात," मी म्हटलं. "काठ फुटलाय."

"पाच दिवस गेलो नाय ना." मग, "दाजी, किल्ली देऊ का तुमाला परत?"

"उजवा हात अर्धा आहे सासूबाईंचा. तो येतो तुला?"

"येतो." मागे घेतलेले हात त्याने पुढे आणले. "उद्यापासून जाऊ?"

आतून त्याची बायको पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि उठलो. तो फाटकापर्यंत आला, काहीतरी बोलायचं म्हणून घुटमळत. माणसाने असं घुटमळणं मला आवडत नाही.

"चपला बाहेर काढत जा," मी म्हटलं. "दिसल्या तर दिसू देत."